फोटोग्राफीच्या निवासी शाळेतले पहिले चार महिने (गावाकडून जाणाऱ्यांसाठी धागा)

पऱ्हाटी | रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी दारव्हा तालुक्यातला. जुलैपासून पुण्याजवळच्या एका निवासी फोटोग्राफी शाळेत शिकतोय, कोर्स एक वर्षाचा. सध्या तीन आठवडे घरी आहे, पण सुट्टीवर नाही. 'घरातलं काम' या विषयावर बारा फोटो घेऊन परत जायचंय. इथल्या दोघातिघांनी व्यनि (खासगी निरोप) करून विचारलं होतं की तिथं दिवस कसा जातो, आपल्यासारख्याला जमते का, पैसे किती लागतात. प्रत्येकाला वेगळं लिहिण्यापेक्षा सगळं एका जागी लिहितो.

आधी दिवस कसा असतो ते. सूर्य उगवायच्या आधी बाहेर पडायचं, कारण सकाळचा कोवळा उजेड तासभरच टिकतो आणि तो रोज वेगळा असतो. दहा ते सहा वर्ग. जेवण झालं की त्या दिवसाचं काम पूर्ण करायचं, झोपायला बारा वाजतात. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांचे फोटो भिंतीवर लागतात आणि सगळे त्यावर बोलतात. असं आठवड्याचे सहा दिवस. शेतात राबलेल्या माणसाला मेहनतीचं काही वाटत नाही, पण हा थकवा वेगळा आहे. डोळे आणि डोकं दोन्ही दुखतात.

पहिले तीन आठवडे कॅमेरा हातातच दिला नाही. पुठ्ठ्याच्या डब्याला आतून काळा रंग दिला, पत्र्याच्या तुकड्याला सुईनं भोक पाडलं, आत फोटोचा कागद लावला. उन्हात अर्धा मिनिट, ढग आला तर दोन मिनिटं मनात मोजत उभं राहायचं. मग अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली कागद डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनात, बुडवायचा. माझ्या पहिल्या कागदावर शाळेसमोरचं कडुलिंबाचं झाड उलटं उमटलं, पांढऱ्या जागी काळं आणि काळ्या जागी पांढरं. ते हळूहळू वर येताना पाहिलं तेव्हा मी श्वास रोखून उभा होतो. उजेड कुठून येतो, किती वेळ येतो आणि कशावर पडतो, एवढंच सगळं आहे हे तिथं हाताला कळलं. पुस्तकात वाचून ते कळलं नसतं.

त्यानंतर मात्र मन लागेना. बरोबरची पोरं मोठ्या शहरातली, परदेशी फोटोग्राफरांची नावं घेऊन बोलणारी. भिंतीवर माझे चाळीस फोटो लावले होते, सरांनी एकेक काढत एकच ठेवला. मग विचारलं, "हा काढताना तू कुठं उभा होतास? बाकीच्या एकोणचाळीसला तिथंच का नाही उभा राहिलास?" मला उत्तर आलं नाही. रात्री बाबांना फोन करून म्हटलं, परत येतो. बाबा म्हणाले, "निंदन-डवरन आटोपलं की घ्याले येतो तुले, तवर ऱ्हाय." निंदण आटोपायला महिना लागला. तोवर मीच म्हटलं, येऊ नका.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. ऑगस्टमध्ये एक काम दिलं होतं: पांढऱ्या कागदावर पांढरं अंडं ठेवून फोटो काढा. पांढऱ्यावर पांढरं दिसलं पाहिजे, अंड्याची गोलाई दिसली पाहिजे. मला वाटलं, अर्ध्या तासाचं काम. चार दिवस लागले. अंडं मळक्या राखेसारखं येत होतं. कारण कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं मधल्या करड्या रंगाचं, म्हणजे उजेडातला १८ टक्के परत फेकणारं आहे असं धरून चालतो. पांढरं दाखवलं तरी तो त्याला करडं करतो. मग आपणच एक-दीड स्टॉप (उजेडाची पायरी, एक स्टॉप म्हणजे दुप्पट) जास्त उजेड द्यायचा, आणि एका बाजूनं काळा पुठ्ठा धरून अंड्याला कड आणायची.

मंगळवारी वावरात गेलो. वेचणी सुरू आहे. पहिला फोटो काढला आणि कापूस तस्साच राखेचा! लहानपणापासून मोबाईलवर काढलेले आमच्या कापसाचे फोटो मळके का दिसायचे ते त्या क्षणी कळलं. दीड स्टॉप वाढवला. कापूस पांढरा झाला. बांधावर बसून मी तो फोटो किती वेळ पाहिला असेल, सांगता येत नाही.

काय विचारायचं ते विचारा. जमेल तसं सांगतो.

वैनगंगा_काठ | रविवार, रात्री १०:२५

दादा, वाचता वाचता डोळ्यात पाणी आलं. मी पवनी तालुक्यातली, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तलाठी भरतीचा फॉर्म भर असं घरी सगळे म्हणून राहिले. माझ्याकडे कॅमेरा नाही, भावाचा मोबाईल आहे. तीन गोष्टी विचारते. कॅमेरा आधी घ्यावा लागतो का? इंग्रजी किती लागते? आणि कर्ज मिळते का? आमची दीड एकर धानाची शेती आहे, त्यात फी निघणार नाही.

पऱ्हाटी | रविवार, रात्री १०:५०

ताई, कॅमेरा आधी घेऊ नकोस. कळकळीनं सांगतो. मी जायच्या आधी हप्त्यावर महाग बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) घेतली, लेन्सला पैसे उरले नाहीत. तिथं गेल्यावर कळलं की शाळेचे कॅमेरे दिवसाच्या हिशोबानं वापरायला मिळतात आणि पहिले तीन आठवडे तर डब्यावरच जातात. सहा महिने थांबून, आपल्याला काय काढायचंय ते कळल्यावर, जुना चांगला कॅमेरा घेतला असता तर हप्ता वाचला असता.

इंग्रजीचं असं की शब्द पन्नासेक आहेत. ॲपर्चर, शटर, आयएसओ, एक्स्पोजर. ते सगळ्यांनाच नवे असतात, शहरातल्या पोरांनाही. एफ २.८, ४, ५.६, ८, ११, १६ ही ॲपर्चरची, म्हणजे लेन्सच्या भोकाची, माळ तोंडपाठ कर. प्रत्येक पायरीला उजेड निम्मा होतो. हे पाढ्यासारखं आहे, इंग्रजीसारखं नाही. भिंतीसमोर बोलायची वेळ आली तेव्हा मी पहिल्या दिवसापासून मराठीत बोललो. मला जे दिसलं ते मला मराठीतच सांगता येत होतं. कोणी अडवलं नाही.

कर्जाबद्दल माझ्यापेक्षा दुसऱ्यांना जास्त माहीत असेल.

उमरखेडची | सोमवार, सकाळी ७:१०

कर्जाचं मी सांगते, कारण त्यात मी पोळले आहे. मी वेगळ्या शाळेतून सहा वर्षांपूर्वी बाहेर पडले, आता उमरखेडहूनच काम करते. फॉर्म भरायच्या आधी शाळेला एकच प्रश्न विचार: तुमचं प्रमाणपत्र कोणत्या विद्यापीठाचं किंवा सरकारी मान्यतेचं आहे? लेखी उत्तर माग. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला सहसा तारण लागत नाही, विद्यालक्ष्मी पोर्टलवरून अर्जही करता येतो. पण अभ्यासक्रमाला मान्यता नसेल तर बँक हात वर करते. माझं तसंच झालं. प्रवेश झाला, पहिला हप्ता भरला आणि मग बँकेनं अर्ज परत केला. आईनं पाटल्या मोडल्या. ते मला आजही लागतं. शिष्यवृत्तीचंही मान्यतेवरच अडतं. चांगल्या शाळाही कधीकधी मान्यतेविना असतात, त्यामुळे शाळा वाईट असं नाही, पण पैशाची सोय त्या हिशोबानं लावावी लागते.

दुसरं, भिंतीवरच्या चर्चेबद्दल. नव्या पोरांना वाटतं की आपल्याला बोलले. फोटोला बोललेले असतात. मी एक वही ठेवली होती, कोण काय बोललं ते शब्दाला शब्द लिहायची, उत्तर द्यायची नाही. आठ दिवसांनी वाचलं की त्यातलं निम्मं खरं निघायचं. आणि ज्या दिवशी तुमच्या फोटोवर कोणी काहीच बोलत नाही, तो दिवस खरा वाईट.

तिसरं, फोटो जपणं. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी. माझी हार्ड डिस्क वसतिगृहाच्या जिन्यात पडली आणि पोळ्याचे सगळे फोटो गेले. आजीनं बैलांच्या शिंगांना रंग लावतानाचे. त्यानंतरच्या पोळ्याला आजी नव्हती. फोटो घरी आणल्या दिवशी त्याची प्रत काढल्याशिवाय झोपू नका.

स्टुडिओ_वाशिम | सोमवार, दुपारी १:३०

पोरांनो, माझा तीस वर्षांचा स्टुडिओ आहे, तालुक्याच्या गावी. मी शाळेत गेलो नाही, उस्तादाच्या हाताखाली शिकलो. पहिली दोन वर्षं फक्त हायपोचे (फोटो पक्का करणाऱ्या रसायनाचे) ट्रे धुतले. एप्रिलात नळाचं पाणी इतकं तापायचं की ट्रेखाली दुसरा ट्रे ठेवून त्यात बर्फ टाकावा लागे. डेव्हलपर वीस डिग्रीच्या आसपास नसला की पासपोर्ट फोटो काळा यायचा आणि गिऱ्हाईक ओरडायचं. लग्नाला चार रोल मिळत, प्रत्येकात ३६ फोटो. त्याच्यावर पाचवा रोल लागला तर तो आपल्या खिशातून. त्यामुळे बटण दाबायच्या आधी नजर तयार झाली.

आता माझा मनापासूनचा प्रश्न. एवढे लाख आणि एक वर्ष घालून पोरगा परत आला की लग्नच करणार ना? आमच्याकडे प्री-वेडिंग, ड्रोन, करिझ्मा (डिझाइन करून छापलेला) अल्बम याशिवाय कोणी पैसा देत नाही. अंड्याचा फोटो कोणाला विकाल?

उमरखेडची | सोमवार, दुपारी ३:००

काका, प्रश्न बरोबर आहे आणि तो प्रत्येकानं जायच्या आधी स्वतःला विचारावा. माझं सांगते. मी लग्नं करते, वर्षाला पंधरा-वीस, आणि मला त्यात कमीपणा वाटत नाही. पण त्याशिवाय शेतकरी उत्पादक कंपन्यांची पाकिटं, हळदीचे, तुरीच्या डाळीचे फोटो, संस्थांचे अहवाल, असं काम घरबसल्या मिळतं. अंडं म्हणजे तेच काम. पांढऱ्या कागदावर पांढरी साबुदाण्याची पिशवी ठेवून कोणी फोटो मागतो तेव्हा अंडं आठवतं. तुम्ही वर्षानुवर्षं जे उस्तादाकडून घेतलं ते शाळा एका वर्षात कोंबते, एवढाच फरक. कोंबलेलं पचायला मात्र पुढं दोन-तीन वर्षं जातात.

आणि विदर्भातून निघून मोठं काम केलेली माणसं आहेत. सुधारक ओलवे मूळचे अकोल्याचे. मुंबईच्या सफाई कामगारांचं त्यांचं काम पाहा, २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. घाणीत उतरणाऱ्या माणसाच्या जवळ जाऊन, त्याचा मान राखून काढलेले ते फोटो आहेत.

पऱ्हाटी | सोमवार, रात्री ८:१५

काका, तुमच्या चार रोलवरून सांगतो. आमच्याकडे महिन्यातून एक दिवस '३६' असतो. डिजिटल कॅमेराच, पण मागच्या पडद्यावर काळी पट्टी चिकटवतात आणि दिवसभरात ३६च वेळा बटण दाबायचं. त्या दिवशीचे फोटो सगळ्यांचे चांगले येतात. तुम्ही जे पोटासाठी शिकलात ते आम्हाला मुद्दाम शिकवावं लागतं.

ताडोबा_बफर | सोमवार, रात्री ९:३०

मी ताडोबाच्या मोहर्लीकडचा, सफारीच्या जिप्सीवर असतो. आमच्या भागातल्या पोट्ट्यांना फोटोग्राफी म्हणजे वाघच वाटते. हातभर लेन्स घेऊन पाहुणे येतात, वाघ दिसला की सेकंदाला वीस फोटो. मी जे शिकलो ते थांबणं. चितळानं कॉल (धोक्याचा आवाज) दिला की इंजिन बंद करायचं आणि ऐकायचं, वानर कुठं पाहून राहिलं ते पाहायचं. शाळेत हे शिकवतात का? जंगलाच्या पोरांनी तिकडं जावं का?

पऱ्हाटी | सोमवार, रात्री १०:००

दादा, थांबणं शिकवत नाहीत, ते तुमच्याकडूनच शिकावं लागेल. मी तर म्हणेन की ते ज्याच्याकडे आधीपासून आहे त्यानं नक्की जावं. बाकीचं शिकता येते.

सेवाग्रामकर | मंगळवार, सकाळी ६:४५

मी निवृत्त शिक्षक, वर्ध्याला असतो. धागा वाचून एक गोष्ट सांगावीशी वाटली. गांधीजी १९३६ मध्ये सेवाग्रामला राहायला आले. त्यांचे चुलत नातू कनू गांधी आश्रमातच वाढले. तरुण कनूला फोटो काढायचे होते, पैसे नव्हते. घनश्यामदास बिर्लांनी शंभर रुपये दिले, त्यातून रोलीफ्लेक्स कॅमेरा आणि रोल आला. बापूंनी तीन अटी घातल्या: फ्लॅश वापरायचा नाही, मला पोझ द्यायला सांगायचं नाही, आणि आश्रम या छंदाला पैसा देणार नाही.

आता बापूकुटी ज्यांनी पाहिली असेल त्यांनी विचार करावा. मातीच्या भिंती, बांबू, कवेलू, खिडक्या लहान. आत दिवसाही सावलीच. त्या काळच्या रोलचा वेग, म्हणजे कमी उजेड टिपायची ताकद, आजच्या कॅमेऱ्यापुढं काहीच नाही. त्या उजेडात, फ्लॅश नाही, 'जरा इकडं पाहा' म्हणायची सोय नाही, अशा स्थितीत हा मुलगा बापूंच्या अखेरपर्यंत फोटो काढत राहिला. तुमची बारा फोटोंची शाळा मला त्या तीन अटींसारखी वाटली. वाट वाकडी करून एकदा येऊन जा.

पऱ्हाटी | गुरुवार, रात्री ९:२०

गुरुजी, काल जाऊन आलो. यवतमाळहून सकाळची एसटी धरली. कॅमेरा पिशवीतून काढला नाही, ठरवूनच गेलो होतो. कुटीत सारवलेल्या जमिनीवर तासभर बसलो. सुरुवातीला अंधार वाटला, दहा मिनिटांनी डोळे बसले आणि मग दिसलं की दारातून आलेला उजेड आधी जमिनीवर पडतो आणि तिथून उसळून भिंतीवर जातो. माणूस तिथं बसला असेल तर त्याच्या चेहऱ्यावर उजेड खालून येणार. मऊ, सावली नसलेला.

घरी आलो आणि आज सकाळी हेच आमच्या ओसरीत दिसलं. यंदा भाव नाही म्हणून बाबांनी कापूस विकला नाही, पुढच्या खोलीत छातीइतकी गंजी लागली आहे. मोठी काकू गंजीला टेकून कवडी (किडका, डागी) कापूस वेगळा करत बसली होती. दार एकच, ऊन कापसावर पडत होतं आणि कापसावरून तिच्या चेहऱ्यावर. एवढे दिवस वावरात तिचा फोटो काढत होतो तर डोक्यावरच्या पदराखाली चेहरा काळाकुट्ट येत होता. शाळेत आम्ही थर्माकोलच्या पांढऱ्या पाट्या धरून जो उजेड आणतो, तो आमच्या घरात कापूस देत होता.

काकू म्हणाली, "फोटो कायले काढून राहिला रे, मी काय नवरी आहो काय?" मी म्हटलं, "तुह्या हाताचा काढतो." तर तिनं हात पुढं केले. बोंडाची वाळलेली टोकं लागून बोटांच्या पेरांवर बारीक काळ्या रेघा पडल्या आहेत, नखांच्या कडा फाटलेल्या. मी चोवीस वर्षांचा झालो, तिच्या हातचं रोज जेवलो, आणि ते हात आज पहिल्यांदा जवळून पाहिले. तीनच फोटो काढले, मग कॅमेरा ठेवून तिच्यासोबत कवडी वेचत बसलो.

बाराव्या फोटोची जागा तिची आहे. दारव्ह्याला जाऊन त्याची मोठी प्रिंट काढून आणतो आणि निघायच्या आधी तिला देतो. ज्या बायांचे फोटो वावरात काढले त्यांनाही प्रत्येकीला एक. आमच्या शाळेचा हा नियम नाही, पण असायला हवा असं मला वाटते. फोटो घेऊन जायचा आणि माणसाला दाखवायचाही नाही, हे बरं नाही.

स्टुडिओ_वाशिम | गुरुवार, रात्री १०:०५

बेटा, मागं मी जे विचारलं त्याचं उत्तर मिळालं. प्रिंट मॅट कागदावर काढ, चकचकीत नको, चुलीच्या धुरात चिकट होते.

आणि एक कामाचं. कापसाच्या खोलीत आणि मळणी चालू असताना लेन्स बदलू नको. कापसाचा तंतू सेन्सरवर बसला की फुंकरीनं जात नाही, सोयाबीनचा भुसा तर त्याहून वाईट. घराबाहेर, वारा पडल्यावर, कॅमेऱ्याचं तोंड खाली करून बदलायची. पावसाळ्यात लेन्स कातडी पिशवीत ठेवू नको, बुरशी धरते. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेव. माझ्या दोन लेन्स अशाच गेल्या.

वैनगंगा_काठ | शुक्रवार, सायंकाळी ७:३०

सगळ्यांचे प्रतिसाद बाबांना वाचून दाखवले. उमरखेडच्या ताईंचं पाटल्यांचं वाचलं तेव्हा आई उठून आत गेली. थोड्या वेळानं बाहेर येऊन म्हणाली, आधी मान्यतेचं लेखी मागव. मी तीन शाळांना पत्र लिहिलं आहे. बाबा काही बोलले नाहीत, पण आज जेवताना विचारलं, "तिकडे भात मिळते का?" आमच्याकडे दोन्ही वेळ भातच लागतो.

दादा, जायचं ठरलं तर सोबत काय न्यायचं?

पऱ्हाटी | शुक्रवार, रात्री ९:००

भात मिळते, पोळ्याही मिळतात, तिखट मिळत नाही. लाखोरीच्या डाळीचं बेसन आणि सुकवलेल्या मिरच्या घेऊन जा, पहिल्या महिन्यात फार आधार होते. दोन जाड चादरी, पायात घट्ट बसणारे बूट, काळे कपडे दोन जोड. चमकदार वस्तूंचे फोटो काढताना आपल्याच कपड्याचा रंग त्यात उतरतो, म्हणून काळे.

आणि घरात आजोबांचं जुनं, धुवून धुवून विरळ झालेलं पांढरं धोतर असेल तर ते पेटीत टाक. सप्टेंबरच्या सुमारास स्टीलचा लोटा काढायला देतात. लोट्यात सगळी खोली दिसते, दिवा दिसतो, आपण दिसतो. बाजारातला मोठा डिफ्यूजर (उजेड मऊ करणारा पडदा) महाग असतो. मी खिडकीला धोतर ताणून बांधलं, त्यातून ऊन गाळून आणलं, तर लोट्यावर वरपासून खालपर्यंत एकच पांढरी पट्टी आली, कडेला बारीक काळी रेघ. वर्गातली सगळी पोरं नंतर ते धोतर मागून नेत होती. आता ते पुण्यालाच आहे, तू आलीस तर तुलाही देईन.

वैनगंगा_काठ | शुक्रवार, रात्री ९:१५

आजोबांचं धोतर आहे. आईनं पेटीत तळाशी जपून ठेवलं आहे. उद्या विचारते.